घरचे संगणक-दप्तर : पत्ता, परवानगी आणि प्रत



महाराष्ट्रातील घरोघरी कागदपत्रांना पूर्वी एक ठरलेली जागा असे. सातबाराचा उतारा, खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला, विम्याची पावती, मुलाबाळांच्या जन्मपत्रिका हे सर्व एखाद्या लोखंडी पेटीत किंवा कापडी बस्त्यात बांधलेले असे, आणि ते कोणी उघडावयाचे हेही घरात ठरलेले असे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदही असेच रुमालांत बांधून ठेवलेले होते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध झाले, आणि एका राज्याचा कारभार अभ्यासकांसमोर उलगडला. कागद टिकला, तो जागेवर सापडला आणि योग्य माणसाच्या हाती पडला, तरच त्याला दप्तर म्हणावयाचे. एरवी ती केवळ रद्दी होय.

आज घराचे दप्तर कागदावर राहिलेले नाही. लग्नाची छायाचित्रे एका मोबाइलमध्ये, आयकराची विवरणे दुसऱ्या लॅपटॉपमध्ये, मुलीचे महाविद्यालयीन प्रकल्प एखाद्या पेनड्राइव्हमध्ये आणि आजोबांच्या रुग्णालयातील तपासण्यांचे अहवाल कोणाच्या तरी ई-मेलमध्ये, अशी त्याची पांगापांग झालेली आहे. एखादा फोन पाण्यात पडतो आणि त्याबरोबर घराची पाच वर्षे बुडतात. ही पांगापांग आवरण्याचा एक सुलभ उपाय म्हणजे घरातील फाइल सर्व्हर. त्याची खरेदी सोपी असते; परंतु त्याची जुळवणी, म्हणजे सामायिक फोल्डरांची आणि नेटवर्कची मांडणी, ही विचारपूर्वक करावयाची गोष्ट आहे.

फाइल सर्व्हर म्हणजे काय?

फाइल सर्व्हर म्हणजे घरातील सर्व संगणकांना व मोबाइलांना आपल्या साठ्यातील फाइली पुरविणारा एक संगणक. तो नवा किंवा महागडा असण्याची आवश्यकता नाही. कपाटावर पडून असलेला जुना डेस्कटॉप त्यासाठी चालतो. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही चालतो. किंवा बाजारात ‘नॅस’ या नावाने मिळणारी तयार पेटीही घेता येते. जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स अथवा त्यावरच आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट ही प्रणाली बसविली, तर प्रणालीसाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

विंडोजवर चालणारे संगणक फाइलींची देवाणघेवाण ज्या भाषेत करतात तिला ‘एसएमबी’ म्हणतात. ती १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएम कंपनीत जन्मली. लिनक्स व युनिक्स यंत्रांना ही भाषा बोलता यावी यासाठी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठात शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास एका प्रणालीवर काम आरंभिले. एस, एम आणि बी ही तीन अक्षरे क्रमाने येणारा शब्द शोधता शोधता तिचे नाव ‘सांबा’ असे पडले. मराठी माणसाला सांब म्हटले की भोळा शंकर आठवतो. हा सांबा मात्र मुळीच भोळा नाही. त्याला जेवढे लिहून द्यावे तेवढेच तो करतो. म्हणूनच त्याला काय लिहून द्यावयाचे, हे आधी घरात ठरले पाहिजे.

पत्ता कायम हवा

टपाल पोहोचावयाचे तर घराला पत्ता हवा, तसा नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. घरगुती नेटवर्कसाठी काही पत्ते १९९६ पासून राखून ठेवलेले आहेत. १० या अंकाने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे असे त्यांचे तीन गट आहेत. हे पत्ते घराच्या उंबरठ्याआतच चालतात. इंटरनेटच्या हमरस्त्यावर त्यांना अर्थ नसतो. त्यामुळे लाखो घरांत १९२.१६८.१.१ हाच पत्ता राउटरला असला, तरी गोंधळ होत नाही. गावोगावी ‘मारुतीच्या देवळाजवळ’ हा पत्ता चालावा, तशातलाच हा प्रकार.

घरातील यंत्रांना हे पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. मात्र तो पत्ता मुदतीने देतो. मुदत संपली, वीज गेली किंवा राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, की कालचा पत्ता आज दुसऱ्याच यंत्राकडे गेलेला असू शकतो. मोबाइलच्या बाबतीत यामुळे काही बिघडत नाही, कारण मोबाइलला शोधत कोणी येत नाही. सर्व्हरला मात्र सारेच शोधत येतात. म्हणून त्याचा पत्ता कायम हवा.

पत्ता कायम करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, सर्व्हरमध्येच पत्ता लिहून ठेवणे. असे करताना राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या टप्प्याबाहेरचा पत्ता निवडावा. राउटर १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ हे पत्ते वाटत असेल, तर सर्व्हरला १९२.१६८.१.१० हा पत्ता निर्धास्तपणे देता येतो. टप्प्याच्या आतला पत्ता दिला आणि राउटरने तोच एखाद्या मोबाइललाही वाटला, तर दोघांचेही काम अधूनमधून खुंटते, आणि कारण लवकर सापडत नाही. दुसरा मार्ग अधिक सोयीचा. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क भागाला कारखान्यातच एक ओळखक्रमांक दिलेला असतो. तो राउटरमध्ये नोंदवून ‘या क्रमांकाच्या यंत्राला हाच पत्ता द्यावा’ असे राखीव पत्त्याचे कलम लिहावे. यात सर्व पत्त्यांची नोंद एकाच ठिकाणी राहते.

पत्त्याबरोबर आणखी दोन-तीन नोंदी कराव्या लागतात. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असा असेल, तर पत्त्याचे पहिले तीन भाग वस्तीचे आणि शेवटचा भाग घरक्रमांकाचा असे समजावे. अशा वस्तीत २५४ यंत्रे मावतात. गेटवे म्हणजे वस्तीबाहेर पडण्याची वेस. तेथे राउटरचा पत्ता लिहावयाचा. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा. घरगुती वापरात येथेही बहुधा राउटरचाच पत्ता चालतो. शेवटी सर्व्हरला एक सुटसुटीत नाव द्यावे, म्हणजे आजी-आजोबांना अंक पाठ करावे लागत नाहीत.

सर्व्हर दिसत नाही, तेव्हा

एवढे करूनही सर्व्हर दिसत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. तिची कारणे बहुधा ठरावीक असतात.

पहिले कारण दोन राउटरांचे. सेवा पुरविणाऱ्याने बसविलेली पेटी स्वतःच एक राउटर असते आणि घरमालक तिला आणखी एक राउटर जोडतो. मग घरात दोन वस्त्या होतात. पहिल्या वस्तीतल्याला दुसऱ्या वस्तीतला दिसत नाही. दुसऱ्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवले की दोन्ही वस्त्या एक होतात. दुसरे कारण पाहुण्यांसाठीच्या वायफायचे. ते मुळात पाहुण्याला घरातील यंत्रांपासून दूर ठेवण्यासाठीच असते. लॅपटॉप चुकून त्याला जोडलेला असेल, तर सर्व्हर न दिसणे हेच योग्य वर्तन होय. तिसरे कारण विंडोजमधील एका प्रश्नाचे. नव्या नेटवर्कला जोडताना ते ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ अशी निवड असते. पब्लिक निवडले की विंडोज आपल्याकडील सामायिकीकरणाची आणि शोधाची दारे लावून घेते. एसटी स्थानकावरच्या वायफायसाठी ते योग्यच आहे. घरच्या नेटवर्कसाठी मात्र प्रायव्हेट निवडावे.

चौथे कारण थोडे ऐतिहासिक आहे. विंडोज १० च्या २०१७ च्या अखेरीच्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती नव्याने बसविलेल्या संगणकांत येईनाशी झाली. ‘नेटवर्क’ या यादीत शेजारची यंत्रे दाखविण्याची जुनी रीत तिच्यावर अवलंबून होती. ती गेल्यामुळे यादीतून पुष्कळ सर्व्हर अदृश्य झाले. ते बंद पडलेले नव्हते. पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे सर्व्हरचा अंकी पत्ता लिहिला की तो उघडतो. यादीत नाव नाही म्हणजे माणूस गावात नाही, असे होत नाही. हा अनुभव मतदारयाद्यांचे काम केलेल्या प्रत्येक शिक्षकाला आहेच.

गतीविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. आजकालच्या तारेच्या जोडणीची गती सेकंदाला १,००० मेगाबिट, म्हणजे कागदोपत्री १२५ मेगाबाइट आणि प्रत्यक्षात सुमारे ११० मेगाबाइट असते. या गतीने १०० गिगाबाइटची छायाचित्रे सुमारे १५ मिनिटांत सर्व्हरवर जातात. हेच काम अडीच तास घेऊ लागले, तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे असे समजावे. याचे कारण पुष्कळदा केबलमध्ये असते. १०० मेगाबिटला केबलमधील आठपैकी चारच तारा लागतात, पण १,००० मेगाबिटला आठही तारा शाबूत लागतात. १०० मेगाबिटला न लागणाऱ्या चारांपैकी एक तार तुटली तरी काम थांबत नाही, फक्त मंदावते. म्हणूनच तो दोष लक्षात येत नाही.

परवानगी : कोणी वाचावे, कोणी लिहावे

सर्व्हर दिसू लागला की बहुतेकजण काम संपले असे मानतात. वस्तुतः खरे काम तेथून सुरू होते. एखाद्या शिक्षकाचे घर उदाहरणादाखल घ्यावे. घरात शिक्षक स्वतः, ग्रामपंचायतीच्या सदस्य असलेल्या त्यांच्या पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी, आठवीतला मुलगा आणि निवृत्त आजोबा अशी पाच माणसे आहेत. या घराला पाच प्रकारचे फोल्डर लागतात : सर्वांच्या छायाचित्रांचा, घराच्या कागदपत्रांचा, शिक्षकांच्या अध्यापन-साहित्याचा, प्रत्येकाच्या खाजगी वापराचा आणि तात्पुरत्या देवाणघेवाणीचा. फोल्डरांची ही नावे फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर दोन प्रश्न मांडावेत : हा कोणी वाचावयाचा? यात कोणी लिहावयाचे? या दोन प्रश्नांची उत्तरे घराने बसून दिली, की तंत्रज्ञाचे अर्धे काम झालेले असते.

कागदपत्रांचा फोल्डर आईवडील आणि आजोबा वाचतील, लिहितील मात्र दोघेच. अध्यापनाच्या फोल्डरात प्रश्नपत्रिका असतात. तो शिक्षकांव्यतिरिक्त कोणालाही उघडता कामा नये. आठवीतला मुलगा त्याच शाळेत असेल तर यामागचे कारण सांगावयास नको. देवाणघेवाणीच्या फोल्डरात सर्वांनीच लिहावे. छायाचित्रे सर्वांनी पाहावीत. परंतु ती पुसण्याचा अधिकार सर्वांना असावा का? येथे बहुसंख्य कुटुंबे सवयीने ‘हो’ म्हणतात, आणि येथेच धोका असतो. नेटवर्कवरील फोल्डरातून एखादी फाइल पुसली, तर ती संगणकाच्या ‘रिसायकल बिन’मध्ये जात नाही, ती तत्काळ नाहीशी होते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरांनी मुंजी-लग्नांच्या आठवणी गमावल्या आहेत. छायाचित्रांच्या मुख्य फोल्डरात रोजच्या खात्यांना केवळ वाचनाचा अधिकार द्यावा. नवी छायाचित्रे देवाणघेवाणीच्या फोल्डरात टाकावीत आणि एका जबाबदार व्यक्तीने महिन्यातून एकदा ती मुख्य संग्रहात लावावीत. कार्यालयातील आवक-बारनिशीची पद्धत ज्यांना परिचित आहे, त्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही. याशिवाय सांबामध्ये ‘रिसायकल’ नावाची एक सोय आहे. ती लावली की पुसलेली फाइल सर्व्हरवरच एका वेगळ्या फोल्डरात जाऊन पडते.

प्रत्यक्ष मांडणीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. लिनक्सवरील सर्व्हरला दोन कुलुपे असतात. एक सांबाचे, दुसरे खुद्द लिनक्सचे. वाड्याचा दिंडीदरवाजा उघडा असला तरी आतील खोलीला कडी असेल, तर आत जाता येत नाही. तसेच खोली उघडी असून दिंडीदरवाजा बंद असला तरी उपयोग नाही. दोन्ही कुलुपांपैकी जे अधिक कडक, तेच अखेर लागू होते. सांबाकडे ‘व्हॅलिड युजर्स’ या ओळीत कोणाला प्रवेश द्यावयाचा ते लिहिले जाते, ‘रीड ओन्ली’ या ओळीत लेखनबंदी घातली जाते आणि ‘राइट लिस्ट’मध्ये त्या बंदीतून सूट मिळणाऱ्यांची नावे येतात. ‘ब्राउझेबल’ ही ओळ केवळ फोल्डर यादीत दाखवावयाचा की नाही एवढेच ठरविते. लपविलेली वस्तू कुलूपबंद झाली असे मानू नये. ज्याला नाव ठाऊक आहे तो ती उघडू शकतो.

लिनक्सचे कुलूप अंकांत लिहिले जाते. वाचनाला ४, लेखनाला २ आणि फोल्डरात प्रवेश करण्याला १ असे अंक आहेत. त्यांची बेरीज म्हणजे अधिकार. तीन अंकांपैकी पहिला मालकाचा, दुसरा गटाचा आणि तिसरा इतर सर्वांचा. ७७० म्हणजे मालकाला व गटाला पूर्ण अधिकार आणि परक्याला काहीच नाही. काही चालेनासे झाले की पुष्कळजण ७७७ लिहून मोकळे होतात. अडचण त्याने सुटते खरी, परंतु किल्ली सापडेना म्हणून दरवाजाच उखडून टाकण्यासारखे ते आहे. घरातील माणसांचा एक गट करावा, फोल्डर त्या गटाच्या नावे करावा आणि नव्या फाइलीही त्याच गटाच्या राहतील अशी व्यवस्था सांबामध्ये लिहावी. मग मुलीने ठेवलेली फाइल वडिलांना उघडत नाही, ही नित्याची कुरकुर थांबते. बदल करून झाल्यावर ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा चालविली, तर लिखाणातील चुका ती दाखविते.

प्रत्येकाला स्वतंत्र नाव व संकेतशब्द द्यावा. सांबाचा संकेतशब्द लिनक्सच्या संकेतशब्दाहून वेगळा नोंदवावा लागतो, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. विंडोज सुरू करताना दाबावयाचा चार-सहा आकड्यांचा पिन येथे चालत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. शिवाय एका वेळी एका सर्व्हरशी एकाच नावाने बोलण्याची विंडोजची रीत आहे. घरात एकच संगणक असेल, तर त्यावरही प्रत्येकाचे खाते निराळे असावे. नावाशिवाय प्रवेशाची, म्हणजे ‘गेस्ट’ची सोय मोहात पाडणारी असते. परंतु विंडोज ११ च्या प्रो प्रकारात २०२४ च्या आवृत्तीपासून असा प्रवेश मुळातच नाकारला जातो. सबब सुरुवातीपासून नावानिशी प्रवेश ठेवणेच श्रेयस्कर.

एक सूचना मराठी नावांसंबंधी. फाइलींना देवनागरीत नावे द्यावयास हरकत नाही. सांबा आणि लिनक्स दोहोंना ती समजतात. मात्र लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून ८५ चिन्हेच मावतात. कार्यालयीन पत्रांच्या ‘विषय’ या ओळीएवढे लांब नाव द्यावयाची सवय येथे सोडावी लागेल. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि पुढे दोन-तीन शब्द, असे नाव दिले की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

वेशीबाहेरचे दार

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतील संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या अनेक रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. हा विषाणू एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषातून आत शिरत होता. त्या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्च रोजी, म्हणजे सुमारे दोन महिने आधी प्रसृत केला होता. ज्यांनी तो बसविला नाही, त्यांचे नुकसान झाले. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या तशाच उपद्रवाने इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या घरगुती साठवण-पेट्यांनाच लक्ष्य केले.

यातून तीन नियम निघतात. पहिला, एसएमबीची पहिली आवृत्ती वापरू नये. सांबाने २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली आहे. जुना टीव्ही किंवा जुना स्कॅनर चालावा म्हणून ती पुन्हा उघडू नये. दुसरा, प्रणालीच्या सुधारणा नियमित बसवाव्यात. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, ज्या ४४५ क्रमांकाच्या दारातून एसएमबी बोलते ते दार राउटरमधून इंटरनेटच्या दिशेने कधीही उघडू नये. राउटरमधील ‘यूपीएनपी’ ही सोय यंत्रांच्या सांगण्यावरून दारे परस्पर उघडते. तिची गरज नसल्यास ती बंद करावी. परगावाहून घरच्या फाइली पाहावयाच्याच असतील, तर वायरगार्डसारख्या खाजगी बोगद्याचा, म्हणजे व्हीपीएनचा मार्ग आहे.

खंडणीखोर विषाणू घरातीलच एखाद्या लॅपटॉपवरून आला तर? तो त्या लॅपटॉपच्या मालकाच्या नावाने सर्व्हरवर येतो आणि त्या मालकाला जेवढे लिहिण्याचा अधिकार आहे, तेवढेच बिघडवू शकतो. छायाचित्रांवर केवळ वाचनाचा अधिकार असेल, तर त्या मार्गाने ती छायाचित्रे त्याच्या हाती लागत नाहीत. घरातल्या घरात कसली आली परवानगी, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. परवानगीची रेघ आखताना कोणावर अविश्वास दाखविला जात नाही. चूक झालीच तर ती कोठवर पोहोचेल, हे त्या रेघेने ठरते.

प्रत, वीज आणि पाकीट

सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडून एकीवरचे लिखाण दुसरीवर आपोआप उमटविण्याची ‘रेड’ नावाची पद्धत आहे. एक डिस्क निकामी झाली तरी काम चालू राहते, एवढाच तिचा उपयोग. फाइल पुसली तर ती दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. म्हणून रेडला राखीव प्रत समजू नये. तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, हा जाणकारांचा परिपाठ आहे. घराबाहेरची प्रत म्हणजे भावाच्या घरी ठेवलेली, कूटबद्ध केलेली एखादी बाह्य डिस्कही असू शकते. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून पाच-दहा फाइली परत काढून पाहाव्यात. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

अचानक वीज गेल्यास लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. एक लहान यूपीएस सर्व्हरला आणि राउटरला पुरतो. वीज गेल्यावर काही मिनिटांनी सर्व्हर स्वतःहून बंद व्हावा, अशी जोडणीही करता येते.

शेवटचा धोका यंत्राचा नाही, माणसाचा आहे. पुष्कळ घरांत सर्व्हरची सारी माहिती एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते. ती व्यक्ती परगावी गेली, आजारी पडली किंवा तिचे बरेवाईट झाले, तर कुटुंबाला आपल्याच दप्तराचे दार उघडत नाही. विम्याचे कागद नेमके त्याच दिवशी हवे असतात. सर्व्हरचा पत्ता, मुख्य खात्याचे नाव व संकेतशब्द, राखीव प्रत कोठे आहे आणि ती कशी उघडावी, हे सर्व साध्या मराठीत एका कागदावर लिहावे, तो पाकिटात बंद करावा आणि घरातील आणखी एका व्यक्तीला पाकिटाची जागा सांगून ठेवावी.

घर आणि कार्यालय यांतील सीमा

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी एक सीमा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. घरच्या सर्व्हरवर घरचेच दप्तर असावे. विद्यार्थ्यांच्या याद्या, लाभार्थ्यांची माहिती, ग्रामपंचायतीची नोंदवहीतील पाने सोयीसाठी म्हणून घरी आणून ठेवण्याचा मोह होतो. परंतु शासकीय अभिलेख ही व्यक्तीची मालमत्ता नाही. त्यांच्या जतनासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. २०२३ साली संसदेने संमत केलेला वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा व्यक्तीच्या खाजगी वा घरगुती उपयोगाला वगळतो. कार्यालयाच्या कामाला मात्र घरगुती उपयोग म्हणता येणार नाही. ज्या गावकऱ्याने आपला आधार क्रमांक आणि बँकेचे खाते पंचायतीला सांगितले, त्याने तो विश्वास कार्यालयावर ठेवलेला असतो, एखाद्या सदस्याच्या दिवाणखान्यातील पेटीवर नव्हे.

मात्र घरी अंगवळणी पडलेली शिस्त कार्यालयात निश्चितच उपयोगी पडते. शाळेच्या संगणक-कक्षातही एक सामायिक फोल्डर असतो, पंचायतीच्या कार्यालयातही असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो सर्वांना सर्व काही करण्यासाठी उघडा पडलेला असतो. तो उघडून पाहावा. कोण वाचतो, कोण लिहितो, कोण पुसू शकतो आणि त्याची दुसरी प्रत कोठे आहे, हे चार प्रश्न संबंधितांना विचारावेत. ज्या कार्यालयात या चारांचीही उत्तरे चटकन मिळतात, तेथील दप्तर सुरक्षित आहे असे समजण्यास हरकत नाही. जेथे ती मिळत नाहीत, तेथे पुढील मासिक सभेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही.